रेट्रो डायनरचा नाश्ता: पॅनकेक चामट, हॅश ब्राऊन काळपट. चुकतं कुठे?

प्रश्न (राऊकर_इंदूर):
इंदुरातल्या एका रेट्रो डायनरमधला नाश्ता. लाल सोफे, चौकटींची काळी-पांढरी फरशी, ज्यूकबॉक्स, सगळं 1950 च्या दशकातल्या अमेरिकेचं. ताटात मात्र बिनअंड्याचे पॅनकेक, फिके आणि चामट. हॅश ब्राऊन (किसलेल्या बटाट्याची परतलेली थापी) बाहेरून काळपट, आतून कचकचीत. कॉफी कडूजहर. अंडं नव्हतं म्हणून असं झालं का? घरी करायचे तर प्रमाण काय?

तवा_तापला:
अंडं हे निमित्त. फिका रंग आणि चामटपणा एकत्र दिसला की तवा थंड होता असं धरा. तव्याचं तापमान साधारण 190 अंश सेल्सिअस हवं; पाण्याचे थेंब नाचत विरले पाहिजेत. पातळ तव्यावर एकदम सहा पॅनकेक घातले की तवा थंड पडतो, मग ते भाजत नाहीत, वाळतात. दुसरं कारण जास्त फेटणं. मैद्यात ग्लुटेन (चिवटपणा आणणारं प्रथिन) तयार होतं, त्यामुळे गुठळ्या राहिल्या तरी थांबायचं.

1 कप मैदा (125 ग्रॅम), 1 छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा सोडा, 1 मोठा चमचा साखर, चिमूटभर मीठ, पाऊण कप घट्ट आंबट ताक, 1 अंडं, 1 मोठा चमचा वितळलेलं लोणी. अंडं वगळलं तर ताक पाव कप वाढवा, लोणी दुप्पट करा. वर आलेले बुडबुडे फुटून भोकं तशीच राहिली की उलटा. उलथन्याने दाबू नका, दाबलं की हवा गेली.

करून झाकून ठेवणं हाही घोटाळाच. इंदूरच्या छप्पन दुकान खाऊगल्लीत पोह्यांचं पातेलं उकळत्या पाण्यावर असतं, म्हणून ते तासाभराने खाल्ले तरी मऊ. पॅनकेक वाफेत ठेवला की लगदा!

आलूवाली_ताई:
हॅश ब्राऊनमध्ये दोष बटाट्याचा. कोल्ड स्टोरेजच्या थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. तव्यावर ती आधी करपते आणि आतला भाग कच्चाच राहतो. आपल्या माळव्यात चिप्ससाठी चिप्सोना पिकतो, मंडीत तो मागा. किसून दोन-तीन पाण्यांतून धुवा, फडक्यात घालून अगदी कोरडा होईपर्यंत पिळा. एक सेंटिमीटरचा थर, मध्यम आच, भरपूर तेल, आणि 6-7 मिनिटं हात लावायचा नाही. मीठ शेवटी, नाहीतर पाणी सुटतं.

फिल्टर_नको:
कॉफी गरम प्लेटवर तासभर ठेवली की कडू होणारच. लिटरभर पाण्याला 60 ग्रॅम पूड, आणि गाळली की थर्मासमध्ये.

राऊकर_इंदूर:
ताक गोड असेल तर? आणि बेकिंग पावडर जुनी आहे.

तवा_तापला:
ताक गोड असेल तर सोडा नीट उठत नाही, 1 छोटा चमचा लिंबाचा रस घाला. पावडर तपासायची तर पाव कप गरम पाण्यात अर्धा छोटा चमचा टाका. लगेच फसफसली तर चालेल, नाहीतर डबा फेका.