दातावर दात असलेल्या मुलीनं डेंटिस्ट व्हावं की नाही?

सिडकोची आई

माझी मुलगी नीटची परीक्षा देऊन निकालाची वाट बघते आहे. तिला बीडीएसच करायचं आहे, आणि हे काही आजचं नाही. ती नववीत असताना तिच्या आजोबांची कवळी केली. सासऱ्यांना एकट्यानं पाठवायला नको म्हणून दर वेळी ही सोबत जायची. कवळी पक्की होण्याआधी दात मेणात लावून तोंडात बसवून दाखवतात. त्या दिवशी आजोबा आरसा हातात धरून बराच वेळ काही बोललेच नाहीत. दातांसकट स्वतःचा चेहरा त्यांनी तीन वर्षांनी पाहिला होता. घरी आल्याआल्या ही म्हणाली, आई, मला हेच काम करायचंय.

आता अडचण. हिचे वरचे दोन्ही सुळे पुढच्या दातांवर चढलेले आहेत, खालची रांगही दाटीची. मागच्या रविवारी पंचवटीला नणंदेकडे जेवायला गेलो होतो. नणंदेचे मिस्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "लोकांचे दात सरळ करायला निघालीस, आधी आरशात बघ." ती तेव्हा हसली, पण त्या दिवसापासून तोंडावर हात धरून बोलते. काल विचारत होती, फिजिओथेरपीला नाव घालू का म्हणून.

तार लावायला चाळीस हजार सांगितलेत. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, एकदम एवढे काढणं जड आहे. भाची म्हणते, कॅप बसवून घ्या, पंधरा दिवसांत सरळ दिसतील. मला खरं काय ते सांगा. डेंटिस्ट व्हायला स्वतःचे दात सरळ लागतात का?

कॉलेज रोड, दंतवैद्य

ताई, मी १९ वर्षं प्रॅक्टिस करतोय. गोड बोलून उपयोग नाही म्हणून सरळ लिहितो.

प्रवेशाला दातांची अट कुठेच नाही. नीटचे ७२० गुण फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे. पुढे तंदुरुस्तीचा दाखला लागतो, त्यातही दातांची रांग कोणी बघत नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. चार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप करून ती खुर्चीशेजारी उभी राहील, एखाद्या आईला सांगेल की तुमच्या मुलाला तार लावायला हवी. काम करताना मास्क असतो. समजावून सांगताना आपण तो खाली करतो, आणि पेशंटची नजर नेमकी तेव्हा आपल्या दातांवर जाते.

माझीही खालची रांग दाटीची होती. चौदा वर्षांच्या एका मुलीनं मला विचारलं, "मग तुम्ही का नाही लावली?" तिची आई तिला दटावायला लागली, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. ३४व्या वर्षी मी तार लावून घेतली. त्या दीड वर्षात मला कोणाला फार पटवावं लागलं नाही, लोक माझ्याच तोंडाकडे बघून "दुखतं का हो?" विचारायचे आणि तयार व्हायचे.

जी उणीव दुरुस्त होण्यासारखी आहे, ती या व्यवसायात ठेवू नये असं माझं मत आहे. नणंदेच्या मिस्टरांनी चारचौघांत बोलायला नको होतं. पण बोलले ते खोटं नाही.

नाशिकरोडचा यवतमाळकर

डॉक्टर, तुमचा अनुभव खरा असेल. माझा अगदी उलटा आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचा. लहानपणी आम्ही सगळे बोअरचं पाणी प्यायलो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नसावं, आमच्याकडे ते जास्त होतं. दात हिरडीच्या आत तयार होत असतात तेव्हा, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, जास्तीचं फ्लोराइड पोटात गेलं की दाताच्या कवचावर पांढरे, पिवळे, तपकिरी डाग येतात. ते दाताबरोबरच घडलेले असतात. कितीही घासा, जात नाहीत. गावात वर्गातल्या बहुतेकांचे दात तसेच, त्यामुळे मला त्यात वावगं कधी वाटलं नाही. नाशिकला आल्यावर कळलं की लोक याला घाण समजतात.

इंटर्नशिपला असताना एका आजींनी मला सुनावलं, "बाळा, आधी स्वतःचे दात घास." मी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि त्यांना पाण्याची गोष्ट सांगितली. आजींनी ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात नातवाला घेऊन आल्या आणि केस पेपर काढतानाच म्हणाल्या, त्या डागवाल्या डॉक्टरकडेच द्या.

हे डाग कशाचे, हा प्रश्न मुळात एका डेंटिस्टनंच लावून धरला होता. फ्रेडरिक मॅके १९०१ मध्ये अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्जला गेले, तर तिथल्या मुलांचे दात तपकिरी. कारण हाती लागायला १९३१ साल उजाडलं. त्याच शोधात असंही लक्षात आलं की या डागाळलेल्या दातांना कीड कमी लागते. आज आपल्या टूथपेस्टमध्ये बेताचं फ्लोराइड असतं ते त्यातूनच. माझ्या तोंडात आजवर एकही दात भरलेला नाही. माझ्या वर्गातले पांढऱ्याशुभ्र दातांचे तिघे रूट कॅनॉल करून बसलेत.

दात बघून माणसाच्या सवयी ठरवणं ही लोकांची चूक आहे. ती दुरुस्त करायचं काम आपलं. आपणच त्या चुकीपुढे मान तुकवायची?

कॉलेज रोड, दंतवैद्य

त्या आजी ऐकायला थांबल्या. जे थांबत नाहीत ते दुसऱ्या दवाखान्याचा जिना चढतात, आणि तुम्हाला ते कळतही नाही. दवाखान्याचं भाडं मात्र दर महिन्याला भरायचं असतं. नव्या डेंटिस्टची पहिली तीन-चार वर्षं कशी जातात हे तुम्हाला माहीत आहे. आणि एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या डागांवर उपाय आहेत, तुम्हाला ते करताही येतात. मग का केले नाहीत?

नाशिकरोडचा यवतमाळकर

राग कसला. वर्षातून दोनदा गावाकडे शाळेत तपासणीला जातो. तिथली पोरं अनोळखी माणसासमोर तोंड उघडत नाहीत, ओठ मिटून बसतात. मी हसलो की उघडतात. म्हणून ठेवलेत.

शेवटच्या वर्षाला

मी नाशिकमध्येच बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. काकू, तुमच्या मुलीला आत काय लागेल ते सांगते.

पहिल्याच वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात. उंची, रुंदी मिलिमीटरमध्ये मोजतात, एक कड गेली की ठोकळा वाया आणि पुन्हा पहिल्यापासून. पुढे वरच्या जबड्यातलं काम छोट्या आरशात बघून करायचं. आरशात दिशा उलटी दिसते, हात नेमका चुकीकडे जातो. मला ते अंगवळणी पडायला सहा महिने लागले. मान आणि कंबर याच वयात बोलायला लागतात. परीक्षा म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाच्या. तिथे गुण मिळतात ते पेशंटच्या दाढेत भरलेल्या सिमेंटला, आपल्या हसण्याला नाही.

पेशंटला हात लावण्याआधी आम्ही एकमेकांच्याच तोंडाची मापं घेतो. भुलीचं पहिलं इंजेक्शन मी माझ्या पार्टनरला दिलं आणि तिनं मला. माझ्या दाढेतली कीड तिलाच सापडली, तोवर मला दुखलंसुद्धा नव्हतं. त्यामुळे कोणाच्या तोंडात काय आहे ते अख्ख्या बॅचला माहीत असतं, आणि खरं सांगते, कोणी कोणाला हसत नाही. आमच्यातल्या सात-आठ जणांनी शिकता शिकता तार लावून घेतली. पीजीचे सीनियर करतात, खर्च बाहेरच्यापेक्षा कमी येतो. आत्ता कर्ज काढू नका.

सुट्टीत तिला साबणाच्या वडीवर दात कोरायला सांगा. आवडलं तर ती टिकेल.

आणि एक. हेच दात घेऊन एखादा मुलगा बीडीएसला निघाला असता, तर जेवणाच्या पंगतीत कोणी बोललं असतं का?

सिडकोची आई

तिच्या मामेभावाचे दात अगदी हिच्यासारखे आहेत, सातवीपासून बघते आहे. तोंडभर हसतो. त्याला आजवर कोणीच काही बोललेलं नाही. मीही नाही. हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

ओझरचे काका

मुलीबाळींचं सगळं मान्य. तरी मी कॉलेज रोडच्या डॉक्टरांच्या बाजूचा आहे, आणि त्याला कारण आहे.

मला वीस वर्षं तंबाखूची सवय होती. ज्या दवाखान्यात जायचो तिथला डॉक्टर दर वेळी सांगायचा, सोडा. त्याच्या स्वतःच्या दातांवर गुटख्याचा लाल थर. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, मिळतो सगळीकडे, ते वेगळं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं मनात म्हणायचो आणि पायरी उतरून पुन्हा चिमूट लावायचो. गालाच्या आत पांढरा चट्टा आला तेव्हा हातपाय गळाले. वेळेत दाखवलं, निभावलं. पण त्या माणसाचे दात स्वच्छ असते तर मी पाच वर्षं आधी त्याचं ऐकलं असतं असं मला आजही वाटतं. म्हणून म्हणतो, डॉक्टरचं तोंड बघितलं जातं.

सुळा वाकडा असण्यात पोरीचा काय दोष, हे मलाही कळतं. चांगले घासलेले वाकडे दात आणि घाण दात यांत फरक आहे. तेवढा फरक करण्याइतके सगळेच पेशंट थांबतात का, एवढीच शंका आहे.

तारेवाली डॉक्टर

मी तारेचंच काम करते, बीडीएसनंतर तीन वर्षं त्याचंच एमडीएस केलं. बाकी वाद चालू द्या. आधी त्या कॅपबद्दल.

ताई, कृपा करून कॅप बसवू नका. कॅप बसवायला चांगला, जिवंत दात चहूबाजूंनी घासावा लागतो. दाताचं वरचं कवच एकदा गेलं की पुन्हा येत नाही, ते हाडासारखं भरून निघत नाही. अठराव्या वर्षी दाताच्या आतली नस मोठी असते, घासताना ती दुखावली तर रूट कॅनॉल. आणि कॅप आयुष्यभर पुरत नाही, ठरावीक वर्षांनी बदलावी लागते. म्हणजे धडधाकट दात घेऊन ती जन्मभराची पेशंट होणार. पंधरा दिवसांत सरळ दिसतील हे खरं आहे, आणि म्हणूनच लोक फसतात.

तसंच, "सुळा पुढे आलाय, काढून टाका" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सुळ्याचं मूळ सगळ्या दातांत लांब असतं, गालाचा आणि ओठाचा आकार तो धरून ठेवतो. जागा करायचीच झाली तर बहुतेक वेळा त्याच्या मागची छोटी दाढ काढतात, तीही एक्स-रे बघून, मापं घेऊन. तारेला अठरा वर्षं म्हणजे उशीर नव्हे. तीस-पस्तिशीचे लोक येतात. दीड-दोन वर्षं धरा, आणि तार काढल्यावर रात्री रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारी पट्टी, घालायचा कंटाळा केला की दात परत सरकतात.

आता एक गोष्ट, जी वर कोणीच विचारली नाही. मुलीचं तोंड शेवटचं कोणी तपासलं? चढलेल्या सुळ्याच्या मागे ब्रश पोचत नाही, अन्न अडकतं, कीड तिथेच सुरू होते. दिसण्याचं पुढे बघू. ते आधी बघा.

गंगापूर रोड, रिसेप्शन

बारा वर्षं दवाखान्यात फोन घेते. लोक विचारतात, दुखेल का, हात हलका आहे का, किती वेळा यावं लागेल, रविवारी उघडं असतं का. डॉक्टरांचे दात कसे आहेत असं एकानंही विचारलं नाही. मॅडमचा हात हलका आहे म्हणून सिन्नर, निफाडहून लोक येतात.

मात्र लग्नाआधी हसणं सुंदर करून घ्यायला येणारे वेगळे. ते मॅडमच्या दातांकडे बघतात, निरखून बघतात. ते काम करायचं तर कॉलेज रोडच्या सरांचं बरोबर आहे.

कॉलेज रोड, दंतवैद्य

कॅपबद्दल मॅडमनी लिहिलं त्याला माझा पूर्ण पाठिंबा. ते मीच पहिल्यांदा लिहायला हवं होतं. शिकता शिकता तार लावली तरी चालेल, हेही मान्य. पण तार लावावीच, यावर मी ठाम आहे. आणि बीडीएस सोडून फिजिओथेरपी? दातांसाठी अजिबात नको.

सिडकोची आई

सोमवारी सुट्टी टाकून मुलीला डेंटल कॉलेजच्या ओपीडीत नेलं. तारेवाल्या मॅडम म्हणाल्या तसंच निघालं. डाव्या सुळ्याच्या मागे, शेजारच्या दाताला कीड होती, अजून खोल गेलेली नाही. तिथेच भरून दिली. काम चालू असताना हिनं आरसा मागितला. डॉक्टर मुलगी आधी नको म्हणाली, मग तिनंच हातात दिला. सगळं होईपर्यंत ही बघत होती, घरी येईपर्यंत तेच सांगत होती, तोंडावर हात न धरता.

फिजिओथेरपीचं नाव पुन्हा निघालेलं नाही. तारेचं प्रवेश झाल्यावर ठरवू. नणंदेकडे काय बोलायचं ते माझे मिस्टर बघणार आहेत, मी त्यांना मामेभावाचं सांगितलं आहे.

काल रात्री पाणी प्यायला उठले तर ही कपड्याच्या साबणाची वडी आणि माझी सुरी घेऊन बसली होती. सुळा कोरत होती. पहिला टोकाशी मोडला. दुसरा ओट्यावर ठेवलाय, मूळ अजून कोरायचं आहे, हात लावू नका म्हणाली.