हॉबचा एकच बर्नर ऑटो इग्निशनवर पेटत नाही, आधी काय तपासायचं?

घोडबंदर_रोड:
चार बर्नरचा काचेचा हॉब आहे, पाइप गॅसवर, इग्निशन सेलवर चालणारं. पाऊस सुरू झाल्यापासून पुढचा उजवा मोठा बर्नर आपोआप पेटत नाही. नॉब दाबला की टक्-टक् आवाज येतो, बाकीचे तिन्ही लगेच पेटतात. हा लायटरने पेटवला तर ज्योत निळी आणि पूर्ण गोल येते, नॉब सोडल्यावर विझत नाही. सेल नवा टाकला तरी तेच. मेकॅनिक फोनवरच इग्निशनचं पूर्ण किट बदलायला सांगतोय. खरंच लागेल का?

ऐरोली_हॉब_सर्व्हिस:
किटची घाई करू नका. चारही बर्नरना ठिणगी देणारं मॉड्यूल एकच असतं. कुठलाही नॉब दाबला तरी चारही इलेक्ट्रोडवर (बर्नरशेजारची चिनीमातीची कांडी, तिच्या धातूच्या टोकावरून ठिणगी पडते) एकदमच ठिणगी पडते. तीन बर्नर पेटतात म्हणजे सेल, नॉबमागचा स्विच आणि मॉड्यूलचा मुख्य भाग शाबूत आहे. नॉब सोडल्यावर ज्योत टिकते, म्हणजे थर्मोकपलही (ज्योत विझली तर गॅस बंद करणारा भाग) ठीक. उरलं काय? त्या एका बर्नरचा इलेक्ट्रोड, त्याची वायर आणि बर्नरची बैठक.

रात्री हे करा. भिंतीवरचा गॅसचा कॉक बंद करा, एक बर्नर पेटवून नळीतला उरलेला गॅस जळू द्या. मग दिवा घालवून नॉब दाबा आणि त्या बर्नरकडे बाजूने बघा. ठिणगी इलेक्ट्रोडच्या टोकावरून बर्नरवर उडायला हवी, निळसर-पांढरी आणि कडक. ती पांढऱ्या चिनीमातीच्या कांडीच्या बुडाशी किंवा मधूनच उडत असेल, तर कांडीला तडा आहे नाहीतर तिच्यावर ओल किंवा दुधाचा थर आहे. टोकावर ठिणगी नीट पडतेय पण बर्नर पेटत नाही, तर दोष विजेचा नाही. इलेक्ट्रोडसमोरची बर्नरची भोकं बुजली आहेत. ठिणगी कुठेच दिसली नाही, तर खालून वायर सुटली असेल.

सानपाडा_किचन:
वरच्या उत्तरात एक भर. ठिणगीला परत जायला वाट लागते, ती बर्नरच्या धातूतून जाते. ऊतू गेलेलं वाळून बैठकीवर पापुद्रा धरला किंवा झाकण जरा तिरकं बसलं, की अंतर बदलतं आणि ठिणगी कमजोर होते. टोक आणि बर्नर यांत साधारण ३ ते ५ मिमी अंतर हवं. इलेक्ट्रोड वाकवून ते साधू नका, कांडी तिथेच तडकते. झाकण उचलून खाचेत नीट बसवा, बहुतेक वेळा तेवढंच पुरतं.

भोकं सेफ्टी पिनने साफ करा. टूथपिक नको, आत मोडते. मधल्या जेटमध्ये (गॅस जिथून येतो ते बारीक भोक) मात्र पिन अजिबात घालू नका. भोक जरा जरी मोठं झालं तरी ज्योत पिवळी येते आणि भांडी काळी पडतात.

वाशी_सेक्टर_१७:
पावसाळा म्हणून सांगतो: हॉब धुतल्यावर कुणी हात न लावता टक्-टक् चालूच राहिलं, तर तो वेगळा दोष. नॉबखालच्या स्विचमध्ये पाणी गेलेलं असतं. सेल काढा, नॉब सरळ वर ओढून काढा आणि पंख्याखाली रात्रभर सुकू द्या. नॉबच्या दांड्यावर तेल किंवा स्प्रे मारू नका. ते व्हॉल्व्हमध्ये उतरतं आणि त्यातलं खास ग्रीस धुऊन नेतं.

घोडबंदर_रोड:
अंधारात पाहिलं. ठिणगी टोकावर नाही, कांडीच्या बुडाशी पडतेय. कापडाने पुसून, पंख्याखाली सुकवूनही तसंच. बॅटरीच्या उजेडात तिथे केसाएवढी काळी रेघ दिसते.

ऐरोली_हॉब_सर्व्हिस:
तो तडाच. रेघ काळी आहे ती ठिणगी तिथून जाऊन जाऊन कार्बन बसल्यामुळे. कोरड्या हवेत असा इलेक्ट्रोड कसाबसा चालतो, पावसाळी दमटपणात तीच वाट ठिणगीला सोपी पडते. म्हणूनच तुमचा त्रास पावसात सुरू झाला. एम-सील किंवा फेविक्विक लावू नका, उष्णतेत टिकत नाही.

नुसता इलेक्ट्रोड बदला, वायरसकट मिळतो. आधी सेल काढा, कॉक बंद ठेवा. जुना इलेक्ट्रोड दुकानात घेऊनच जा. तीन गोष्टी जुळायला हव्यात: कांडीची जाडी, टोकाची उंची आणि वायरची लांबी. शिवाय तो क्लिपने बसतो की स्क्रूने, तेही बघा. वायर तोडून जोड देऊ नका, विजेच्या इतक्या उच्च दाबाची ठिणगी जोडातूनच बाहेर पडते. वायर मॉड्यूलच्या पिनवर सरळ खोचायची असते. बर्नरच्या गरम भागापासून लांबून न्या.

काच उचलताना गॅसचा एखादा सांधा ढिला करावा लागत असेल, तर तिथे थांबा आणि हॉब कंपनीचा माणूस बोलवा. तेव्हाही त्याला एकच इलेक्ट्रोड बदलायला सांगा. सांधा उघडला असेल, तर तो जाण्याआधी कॉक उघडून साबणाच्या पाण्याने तुमच्यासमोर तपासून घ्या. बुडबुडा आला तर सांधा पुन्हा बसवायचा.