आमच्या गावच्या वाढईकाकांवर लेख लिहायचा आहे. त्यांचा आजार त्यात कसा सांगावा?

प्रश्न (भिवापूर तालुक्यातून)

नमस्कार. आमच्या गावचे वाढई (सुतार) मागील वर्षी तोंडाच्या कर्करोगाने वारले. पुढच्या महिन्यात त्यांचे वर्षश्राद्ध आहे आणि त्या दिवशी वाचनालयात त्यांच्यावरचा दोन पानांचा लेख वाचून दाखवावा, असे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. चार दिवस कागद पुढे घेऊन बसलो, तरी ‘ते मनमिळाऊ, कष्टाळू व प्रामाणिक होते’ यापलीकडे गाडी सरकत नाही, आणि हे वाक्य आमच्या गावात प्रत्येकाच्या श्रद्धांजलीच्या फलकावर आधीच छापून झालेले आहे.

सांगण्यासारखे पुष्कळ आहे. गावातील बहुतेक वखर, डवरे, तिफणी (पेरणीची तीन फणांची अवजारे) आणि लोखंडी धावेच्या, म्हणजे चाकाला लोखंडी पट्टा चढवलेल्या बंड्या (बैलगाड्या) त्यांच्याच हातच्या. माझ्या आजोबांच्या काळी या कामाचे रोख पैसे दिले जात नसत. खळ्यावर रास झाली की वाढईचा वाटा आधी बाजूला निघे आणि त्या बदल्यात वर्षभराची मोडतोड त्यांनी पाहायची, असा व्यवहार होता. पुढे ट्रॅक्टरची पेरणी आली, बंडीला टायर लागले, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) छकड्यांचे कामही थांबले. त्यानंतर ते दारे-खिडक्या करीत आणि तान्ह्या पोळ्याच्या (मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या) आधी दोन महिने फक्त लाकडी नंदी.

अडचण अशी की त्यांच्या नावाचा आधार कार्डाखेरीज एकही कागद नाही. हत्यारांच्या पेटीत वाकस, पटाशी, रंधा, गुण्या आणि गिरमिट सापडले. त्यासोबत दीड हात लांबीची एक सागवानी काठी निघाली, जिच्या दोन्ही बाजूंना खाचा आहेत. त्या कशाच्या, हे त्यांच्या मुलालाही ठाऊक नाही.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. काका दिवसाला सात-आठ खर्रे (सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे घोटलेले मिश्रण) खात. शेवटची दोन वर्षे ते भाकर वरणात कुस्करून गिळत, कारण तोंडात दोन बोटेही जात नव्हती. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात पाच महिने तोंड आल्याच्याच गोळ्या मिळाल्या आणि नागपूरला नेईपर्यंत गाठ मानेत उतरली होती. मुलाचे म्हणणे असे की खऱ्र्याचा उल्लेख नको. आयुष्यभर लाकडाचा भुसा नाकातोंडात गेल्याने आजार झाला, असे लिहावे. मी काय करावे?

उत्तर १ (निवृत्त शिक्षक, आर्वी)

विशेषणे सोडून द्या आणि घरोघरी जाऊन एकच गोष्ट विचारा: ‘तुमच्याकडे त्यांच्या हातची कोणती वस्तू आहे आणि ती त्यांनी कितीदा दुरुस्त केली?’ कारागिराने केलेली नवी वस्तू सर्वांना दिसते, परंतु तुटलेल्या वस्तूपुढे उकिडवा बसून तो काय बोलला, हे फक्त त्या घराला माहीत असते.

माझ्या लहानपणी आमच्या गावी चाकाला धाव चढवण्याचे काम असले की शाळेत अर्धी पोरे दिसत नसत, आणि खरे सांगायचे तर आमचे गुरुजीही तिकडेच सापडत. बारा आरे तुंब्यात (चाकाच्या मधल्या लाकडी गड्ड्यात) ठोकलेले, त्यांवर सहा पुठ्ठे (चाकाच्या कडेचे लाकडी वाकडे तुकडे) बसवलेले, असे तयार चाक जमिनीवर आडवे ठेवलेले असे. लोखंडी धाव चाकापेक्षा मुद्दाम किंचित लहान केलेली असे. ती गोवऱ्यांच्या आगीत लाल झाली की तीन-चार जण सांडशांनी उचलून चाकावर बसवत. लाकूड भडकन पेटे, लगेच घागरी ओतल्या जात, आणि वाफेतून चाक करकर आवाज करी. लोखंड आवळत असताना प्रत्येक सांधा आपापल्या जागी घट्ट बसण्याचा तो आवाज असे. सगळे ओतत असताना आमचा वाढई मात्र कान चाकाकडे करून उभा राही आणि करकर थांबली की हात वर करी. त्याचा चेहरा मला आज आठवत नाही, तो हात आठवतो. तुमच्या काकांनी धाव चढवलेली पाहणारे कोणी म्हातारे हयात असतील, तर आधी त्यांच्याकडे जा.

काठीबद्दल मला सांगता येणार नाही. आजाराबद्दल इतर लिहितीलच.

उत्तर २ (वरोरा तालुक्यातून)

माझे वडील शिंपी होते आणि याच आजाराने गेले. आम्ही तेव्हा ‘अल्पशा आजाराने’ असे छापले. अकरा महिने नळीतून पेज घेणाऱ्या माणसाचा आजार अल्पसा कसा, हे मला आजही उमगलेले नाही. लपवल्याने इतकेच झाले की लोकांनी आपापल्या मनाने आजार ठरवले आणि त्यातले काही आईच्या कानावर आले.

मुलाची भीती मात्र खोटी नाही. खर्रा लिहिला की ऐकणारा लगेच म्हणतो, ‘मग त्याचीच चूक.’ आपल्याकडे खर्रा चहासारखा पुढे केला जातो. बाबांच्या तेरवीला मांडवातच प्लास्टिकच्या पन्नीवर तो घोटला जात होता आणि मी पाहत उभी होते. म्हणून ‘व्यसनी’ हा शब्द टाळा, उपदेशही टाळा. काम चालू असताना ते खर्रा केव्हा खात, कोण आणून देई, सोडायचा प्रयत्न केला होता का, हे साध्या वाक्यात येऊ द्या. त्यांच्या आयुष्यात जेवढी जागा खऱ्र्याची होती तेवढीच लेखात द्यावी. आणि मजकूर आधी मुलाला वाचून दाखवा, दादा. त्याला तो लेख चारचौघांत बसून ऐकायचा आहे.

उत्तर ३ (दंतवैद्य, नागपूर जिल्हा)

भुशाबद्दल थोडे स्पष्ट करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या भुशाला कर्करोगकारक ठरवले आहे, हे खरे. मात्र तो प्रामुख्याने नाक आणि नाकालगतच्या पोकळ्यांच्या कर्करोगासाठी. तोंड हळूहळू मिटत जाणे ही सुपारीची खूण आहे. गालाच्या आतली त्वचा ताठर होते, तिखट झोंबते, आणि उभी तीन बोटे तोंडात मावेनाशी होतात. खऱ्र्यात तंबाखू, चुना आणि सुपारी असे तिन्ही असते व त्यातली सुपारी तंबाखूविनाही कर्करोगकारक आहे. त्यामुळे भुसा लिहिणे चुकीचे ठरेल. ऐकणाऱ्यांत तोंड कमी उघडणारे चार जण असतीलच. आपला त्रासही भुशामुळेच आहे, असे त्यांना वाटायला नको.

उत्तर ४ (शेतकरी, समुद्रपूर)

काठीच्या एका बाजूच्या खाचा टोकापासून मोजून पाहा. ९, १२ आणि १८ इंचांवर असतील, तर ते तिफणीच्या फणांमधले अंतर आहे: गव्हाला ९, हरभऱ्याला १२, ज्वारीला १८. आमच्याकडचे वाढईही टेप न लावता अशा काठीनेच फण बसवत. दुसऱ्या बाजूच्या खाचा एकसारख्या नसतील, तर त्या बहुधा एकेका घरच्या मापाच्या असाव्यात. कुणाचे बैल रुंद, कुणाचे अरुंद. जू त्याप्रमाणे करावे लागते.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. मुलाला मजकूर वाचून दाखवला. खऱ्र्याचे वाक्य त्याने राहू दिले. फक्त ‘सात-आठ’ खोडून स्वतःच्या हाताने ‘दहा’ केले, आणि आणून देणारा मीच होतो, हेही लिहा म्हणाला.

काठी मोजली. पहिल्या बाजूच्या तिन्ही खाचा सांगितल्याप्रमाणेच निघाल्या. दुसऱ्या बाजूला अकरा आहेत. आमच्या गोठ्याच्या आढ्याला आजोबांच्या बैलजोडीचे जू अजून टांगलेले आहे. ते खाली काढून दोन शिवळांमधल्या (बैलाच्या मानेच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्यांमधल्या) अंतराला काठी लावली, तर चौथी खाच बरोबर जुळली. उरलेल्या दहा घरांचा शोध उद्यापासून सुरू करतो.