शिकायचं नसतं, की शाळेवर भरवसा नसतो?

औदुंबर:
अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'कृष्णवर्णीय मुलांना शिकण्याची ओढच नसते.' मला हे साफ चूक वाटतं. समाजशास्त्रज्ञ रोझलिन मिकेल्सन यांनी १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसमधल्या हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना दोन तऱ्हेचे प्रश्न विचारले. शिक्षणाने माणूस वर येतो का? इथे कृष्णवर्णीय मुलांचा 'हो' गोऱ्या मुलांपेक्षाही ठाम निघाला. आणि तुमच्या माणसांच्या शिक्षणाचं चीज झालं का? इथे सूर उतरला. मुलांचे गुण जुळले ते या दुसऱ्या उत्तराशी. मुलं घरात बघतात, हिशोब मांडतात. त्याला आळस कसं म्हणायचं?

शशांक_ओहायो:
असहमत. क्लीव्हलंडला लागून असलेलं शेकर हाइट्स बघा. सुखवस्तू वस्ती, शाळा नावाजलेली. तरी कृष्णवर्णीय मुलं गुणांत मागे पडत होती, म्हणून तिथल्या कृष्णवर्णीय पालकांनीच जॉन ओगबू यांना बोलावलं. ओगबू नायजेरियात जन्मलेले, बर्कलीचे मानववंशशास्त्रज्ञ. त्यांना खुद्द मुलांनी सांगितलं, आम्ही हवी तेवढी मेहनत करत नाही. ओबामांनीही २००४ च्या बॉस्टनमधल्या भाषणात म्हटलं होतं की, पुस्तक हातात घेतलेला कृष्णवर्णीय मुलगा म्हणजे गोऱ्यांची नक्कल करणारा, ही बदनामी पुसायला हवी. घरचीच माणसं बोलतात, तेव्हा आपण ऐकायचं नाही का?

गोदावरी:
ऐकायचं, पण पूर्ण ऐकायचं. अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांनी मुलांच्या मैत्रीची आकडेवारी तपासली. चांगले गुण मिळवणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचे मित्र कमी होतात, हे त्यांना आढळलं, पण संमिश्र शाळांत. जिथे बहुतेक मुलं कृष्णवर्णीय, तिथे हा प्रकार दिसला नाही. म्हणजे 'गोऱ्यांची नक्कल' म्हणून होणारी चिडवाचिडवी समाजाच्या हाडीमाशी नाही. हुशारांच्या वर्गात सगळे गोरेच बसलेले दिसले, की ती तिथे उगवते.

आणि त्या वर्गात बसवतं कोण? मी नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटजवळ राहते. इथे आठवीत अल्जेब्रा मिळाला, तर बारावीपर्यंत कॅल्क्युलस गाठता येतो. माझ्या मुलीला तो मिळाला नव्हता. मी शाळेला दोन ईमेल केले, मुख्याध्यापकांना भेटले, आठवड्यात वर्ग बदलला. तिच्याच वर्गातल्या, तितकेच गुण असलेल्या कृष्णवर्णीय मुलाची आई दोन पाळ्यांत काम करते. तो साध्या गणितातच राहिला. गणितात वरच्या श्रेणीचे गुण असलेल्या मुलांना प्रगत वर्गात जागा द्या, असा कायदाच नॉर्थ कॅरोलायनाला २०१८ साली करावा लागला. शाळा आपणहून देत असत्या, तर कायदा कशाला लागला असता?

शशांक_ओहायो:
गोदावरीताई, तो मुलगा हुशारच होता. माझा प्रश्न मधल्या फळीचा आहे. गृहपाठ न करणाऱ्याला कायदा काय देणार?

औदुंबर:
माणूस देईल. नॉर्थ कॅरोलायनाच्याच आकडेवारीवरचा अभ्यास आहे. तिसरी ते पाचवीत एक जरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभला, तर अतिशय गरीब घरच्या कृष्णवर्णीय मुलग्यांचं पुढे शाळा सोडण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. एका शिक्षकाने! गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये घटनाबाह्य ठरवल्या. त्यानंतर शाळा एक झाल्या, तेव्हा दक्षिणेत हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांना घरी बसवलं. गोऱ्या पालकांना ते आपल्या मुलांसमोर नको होते. ती पोकळी अजून भरलेली नाही. शिवाय शिक्षेचं बघा. २०१३-१४ मध्ये सरकारी शाळांत कृष्णवर्णीय मुलं सुमारे १५.५ टक्के, आणि निलंबित झालेल्यांत ३९ टक्के. वर्गाबाहेर काढलेला मुलगा गृहपाठ कुणाला दाखवणार?

शशांक_ओहायो:
शिक्षक वाढवा, यात दुमत नाही. पण आज नववीत असलेल्या मुलाला काय सांगायचं? शाळा तुझ्या विरोधात आहे, हेच कानावर पडत राहिलं तर तो पुस्तक उघडेल का? आईबापांनी रात्री वही तपासायलाच हवी. हे मी सोडणार नाही.

गोदावरी:
सोडू नका. पण वही तपासणारं घर त्यांच्यात नसतं, हे कुणी सांगितलं? मी शनिवारी इथल्या वाचनालयात गणित शिकवते. बहुतेक मुलांना आजी घेऊन येते आणि तास संपेपर्यंत मागच्या बाकावर बसून राहते.