पन्नासपर्यंत घडाघडा, पण चार चिंचोके देता येत नाहीत

रानवारा
लेक साडेतीन वर्षांची. एक ते पन्नास न चुकता म्हणते, पाहुण्यांसमोर कौतुकही होतं. परवा चिंचोक्यांची वाटी पुढे ठेवून म्हटलं, "चार दे." तिनं मूठभर उचलून दिले. मोजायला लावलं, तर एकाच चिंचोक्यावर दोनदा बोट आणि अंक आपले पुढे. सात मोजून झाल्यावर "किती आहेत गं?" विचारलं, तर पुन्हा एकपासून सुरू! शेवटचा अंक म्हणजे सगळे मिळून तेवढे, हे तिला उमगलेलंच नाही. बालवाडीत जाईपर्यंत मी पन्नासचा घोष बंद करतेय. पाचपर्यंतच, पण हातात वस्तू घेऊन.

जुनी_पाटी
अजिबात पटलं नाही. इंग्रजीत ट्वेंटी आलं की पुढे वन, टू जोडत जायचं. आपल्याकडे बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न. दोनाचं रूप दशकागणिक बदलत राहतं, कधी बा, कधी ब, कधी बे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. हे कानावरून शेकडो वेळा गेल्याशिवाय बसणार कसं? आम्ही पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे, अर्थ न कळताच पाठ केली. अर्थ नंतर कळला, पाठांतर आजही हिशेबाला कामी येतं.

कातळकडा
तुम्ही तर रानवाराचीच बाजू मांडलीत. पंचवीस म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचन आलं, तेव्हा विधानसभेपर्यंत वाद गेला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर सांगत होत्या की जोडाक्षरांच्या या नावांना मुलं अडखळतात. सात वर्षांच्या मुलांची ही गत, मग साडेतीनला पन्नासची घाई कशाला?

जुनी_पाटी
तो वाद दुसरीतल्या वाचनाचा होता. ऐकून म्हणायला जोडाक्षर लागत नाही. तीन वर्षांचं मूल 'त्रेपन्न' मजेत म्हणतं.

बियांची_पिशवी
मी अंगणवाडीत शिकवते. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांच्या आसपासच्या वस्तूंतूनच शिकवलं, माझीही पिशवी तशीच: सागरगोटे, शंख, बिया. पाच बिया जवळजवळ मांडून मोजायच्या, मग त्याच लांब पसरायच्या. बरीच मुलं म्हणतात, "आता जास्त झाल्या." तिथं पाठांतर उपयोगी पडत नाही, पुन्हा पुन्हा हाताळावंच लागतं. पण रानवारा, घोष बंद नका करू, लेकीचा आनंद आहे तो. जिना चढताना एका पायरीला एकच अंक म्हणायला लावा. जेवायला बसताना माणशी एक ताट तिला मांडू द्या. कमी पडलं तर तिलाच कळेल. रिकामा डबा दाखवून "यात किती?" हेही विचारा, शून्य तिथंच भेटतं.

जुनी_पाटी
ताटांचं मान्य. पाचची मर्यादा मात्र मला अजूनही चूकच वाटते.

रानवारा
आज तिनं ताटं मांडली. आम्ही चौघं, ताटं तीन. बाबांसमोर काहीच नाही हे पाहून स्वतःच स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, "अजून एक पाहिजे." घोष राहू देते.