मदत हवी आहे: फ्लेक्स-फ्युएल टाहो आणि आयोवाचा हिवाळा

नमस्कार. आम्ही अमेरिकेतील आयोवा राज्यात राहतो आणि २०१२ ची जुनी शेव्हरोले टाहो घेण्याचा विचार करत आहोत. तिचे ५.३ लिटरचे व्ही-८ इंजिन साध्या पेट्रोलवर तसेच ई-८५ वरही (म्हणजे ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल, इथे मक्यापासून बनणारे अल्कोहोल, असलेल्या मिश्रणावरही) चालते, आणि टाकीत दोन्ही कोणत्याही प्रमाणात मिसळले तरी संगणक इंधनाचे प्रमाण स्वतः बदलून घेतो. मक्याच्या या राज्यात ई-८५ सहज आणि बहुधा स्वस्त मिळते. परंतु इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असल्याने महामार्गावरचे मायलेज गॅलनला २१ मैलांवरून १६ पर्यंत उतरते, म्हणजे ई-८५ निदान पाव हिश्श्याने स्वस्त असेल तरच हिशेब जुळतो.

माझी खरी काळजी थंडीची आहे, कारण इथेनॉलची वाफ कमी तापमानात सहज होत नाही. हिवाळ्यात ई-८५ मधील इथेनॉल कमी केले जाते, तरीही शून्याखाली वीस अंशांत गाडी पहाटे सुरू होते का? तसेच, हलक्या भाराला आठांपैकी चार सिलिंडर बंद करणाऱ्या यंत्रणेचे लिफ्टर (इंजिनाच्या झडपा उघडणारे भाग) एवढ्या जुन्या गाडीत कसे तपासून घ्यावेत? ज्यांनी अशी गाडी स्वतः वापरली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.