मदत हवी आहे: सिकलसेल सर्वेक्षणाच्या माहितीतून ओळख कशी पुसावी?

नमस्कार. मी नागपुरात जनआरोग्य विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेत असून हिंगणा आणि रामटेक तालुक्यांतील लहान गावांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराने ग्रस्त कुटुंबांचा अभ्यास करीत आहे. माहिती आम्ही टॅबवर ओडीके अ‍ॅपमध्ये भरली. पुढच्या महिन्यात ती फाइल दुसऱ्या संस्थेतील संख्याशास्त्रज्ञांकडे पाठवायची आहे आणि तिथेच माझे काम अडले आहे.

नाव, मोबाइल क्रमांक आणि 14 अंकी आभा (डिजिटल आरोग्य खात्याचा) क्रमांक हे रकाने मी काढले, तरी गाव, जन्मतारीख, लिंग आणि जमात उरतेच. अमेरिकेतील सुमारे 87 टक्के लोक केवळ पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग यांवरून वेगळे ओळखता येतील, असा अंदाज तिथल्या संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी 2000 साली मांडला होता. आमच्या यादीत तर एका गावातले नऊच जण आहेत आणि त्यांत 16 वर्षांची मुलगी एकच. तिच्या आईने अंगठा लावण्यापूर्वी विचारले होते, "हे मोबाइलात गेलं, तं पोरीच्या लग्नाच्या वेळी कोनाले समजन काय जी?" मी नाही म्हटले होते. तो शब्द मला पाळायचा आहे.

जन्मतारखेऐवजी वयोगट आणि गावाऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्रापासूनचे ढोबळ अंतर लिहिता येईल. खरी अडचण कुटुंबाची आहे. आई-वडील दोघेही वाहक (स्वतः आजारी नसले, तरी सदोष जनुक पुढे देऊ शकणारे) असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. त्यामुळे पालक आणि मुलांच्या नोंदी जोडलेल्या राहिल्या नाहीत, तर अभ्यासाला अर्थच उरत नाही. त्या सांकेतिक क्रमांकाने जोडल्या, तरी पाच अपत्यांपैकी तिघे आजारी असलेले घर परिसरात कोणालाही ओळखू येईल.

कौटुंबिक नोंदींवर काम केलेल्यांनी कृपया सांगावे, आपण हे कसे हाताळले? एका घरातील सर्व तारखा सारख्याच दिवसांनी मागेपुढे सरकवणे पुरेसे ठरते का? की फाइल बाहेर न पाठवता संख्याशास्त्रज्ञांनाच आमच्या संगणकावर विश्लेषण करण्याची विनंती करावी?

शिवाय संमतीपत्रात "माहिती गोपनीय राहील" एवढेच आहे, दुसऱ्या संस्थेचा उल्लेख नाही. नावे काढली की संमतीचा प्रश्न मिटतो, असे मार्गदर्शकांचे मत आहे. मला ते पटत नाही. नैतिकता समितीकडे सुधारित अर्ज करून पुन्हा घरोघरी जाण्याची माझी तयारी आहे. अशा अर्जासोबत कोणती कागदपत्रे जोडावी लागतात?